नाहीतर सुईमावशी येईल

मुलांच्या दवाखान्यात आतल्या खोलीत बसून लस टोचायची, हे तिचं काम. बाहेर डॉक्टर मुलांशी गोड बोलत, त्यांच्या पोटाला गुदगुल्या करत, आणि शेवटी आयांना सांगत, "आत सिस्टरकडे जा." म्हणजे गोडवा डॉक्टरांचा आणि सुई सिस्टरची. दवाखान्यात सगळे तिला सिस्टर म्हणत. मैत्रिणीही सिस्टरच म्हणत. घरी आत्या चेष्टेने सिस्टरबाई म्हणे.

तिचा हात हलका होता. आईच्या मांडीवर मूल, आईच्या मिठीत त्याचे हात, आईच्या गुडघ्यांमध्ये त्याचे पाय. सिस्टर आधी आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. छताला तिने एक कागदी मासा टांगला होता. "हा मासा काय खातो रे?" असं ती विचारायची. मूल वर बघायचं. ते विचारात पडेपर्यंत काम उरकलेलं असायचं. मग रडारड. रडणारच. सिस्टरने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कापसाचा बोळा टोपलीत, आणि "चला, पुढचं कोण?"

दवाखान्यातलं रडणं दवाखान्यात राहतं, असं ती धरून चालली होती. इथेच तिचं चुकलं.

तिच्या दोन मैत्रिणी. एक पार्लरवाली, एक चष्म्याच्या दुकानात काम करणारी. तिघी शाळेपासूनच्या. त्यांतली पार्लरवाली म्हणजे तिचा जीव की प्राण. पार्लरवालीला मुलगी झाली तेव्हा नवरा परगावी अडकला होता. कळा सुरू झाल्या तेव्हा सिस्टर सोबत होती. पार्लरवालीला सुईची एवढी धास्ती की सलाइन लावताना तिने सिस्टरच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मुलगी जन्मली, तिला पुसून कपड्यात गुंडाळून दिली, ती सिस्टरच्या हातात. आईच्याही आधी. पुढे कित्येक आठवडे कामावरून सुटली की सिस्टर थेट तिकडे. आंघोळ घालणं, ढेकर काढणं, रात्रीपर्यंत खांद्यावर घेऊन फिरवणं. सिस्टरने लग्न केलं नव्हतं. करायचं राहून गेलं होतं म्हणा. पण त्या मुलीच्या टाळूचा वास नाकात घेऊन ती घरी यायची आणि आत्याला म्हणायची, "आत्या, मला काही कमी नाही बघ."

मुलगी घास गालात धरून ठेवायची. म्हणून तिला सगळे खारुताई म्हणू लागले. ते नावही सिस्टरनेच ठेवलेलं.

मग खारुताई चालायला लागली, बोलायला लागली, आणि पार्लरवालीचे फोन कमी झाले. "आज नको गं, ती झोपलीये." "आज पाहुणे आहेत." "आज तिचं काही खरं नाही, किरकिर करतीये." सिस्टरला वाटलं, पार्लर वाढलंय, बिचारीला वेळ मिळत नसेल. तिने स्वतःचीच समजूत घातली. माणूस दुसऱ्याच्या वतीने किती कारणं शोधतो.

एका संध्याकाळी चपलांच्या दुकानात दोघी मायलेकी तिच्यासमोर आल्या. खारुताई खुर्चीवर बसून नवे बूट बघत होती. हातात अर्धं बिस्किट होतं. तिने मान वर केली, सिस्टरला पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती रडली नाही. तिने ते बिस्किट अख्खं तोंडात कोंबलं आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "जेवते. मी जेवते."

दुकानदार हसला. पार्लरवालीही हसली. अगदी मनापासून.

"अगं, काय सांगू तुला! हिला भरवणं म्हणजे डोंगर फोडणं. पण नुसतं म्हणायचा अवकाश, 'खा, नाहीतर सुईमावशी येईल,' की गटागट गिळते. आपल्या चष्मेवालीचा गोट्यासुद्धा तसाच झोपतो. तुझे फार उपकार आहेत गं आमच्यावर!"

सिस्टर हसली. हसावं लागलं. खारुताईच्या डोक्यावर ठेवायला तिने हात पुढे केला, तशी ती पोरगी खुर्चीच्या पाठीला चिकटली. सिस्टरने हात मागे घेतला आणि त्याच हाताने एक चप्पल उचलून उगाचच तिचा तळ बघितला.

घरी येऊन तिने दार लावलं आणि पिशवी जमिनीवर आपटली.

आत्या आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "प्रवासी मला तोंडावर शिव्या घालायचे," ती म्हणाली. "सुट्ट्यांवरून तर रोजच. पण घरी जाऊन पोरांना 'कंडक्टरीण येईल' असं कुणी सांगितलं नाही हो."

"आत्या, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत. सरळ जाऊन विचार तिला."

"विचारणार नाही," सिस्टर म्हणाली. "तिला घरी बोलावणार आहे."

ज्या आवाजात ती हे म्हणाली तो आत्याने याआधी ऐकला नव्हता. तिने चष्म्यावरून भाचीकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

पुढचे काही दिवस सिस्टर फार शांत होती. काम तेच, हात तसाच हलका. पण डोक्यात एकच गिरमिट. रोज किती मुलं तिला बघून रडत, त्याचं तिला काही नव्हतं. ती मुलं परकी होती, आणि तिने त्यांना खरोखर टोचलं होतं. पण या मुलीला तिने जन्मल्या जन्मल्या छातीशी धरलं होतं. तिच्याच मैत्रिणीने रोज दोन वेळच्या जेवणाला तिला राक्षसीण करून ताटाशेजारी बसवलं होतं. आणि वर उपकार मानत होती. ती मुलगी तिला परत हवी होती. आणि जिने नेली तिला चटका बसायला हवा होता. दोन्ही हवं होतं. आधी कुठलं, हे तिने ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर चटकाच आधी हवा होता.

तिने दोघींना फोन केले. "या गं रविवारी. पोरांना घेऊन या. नवरे नकोत. नुसत्या गप्पा मारू, काहीतरी साधं खाऊ, पोरं खेळतील. कितीतरी दिवसांत निवांत बसलो नाही."

"तुझ्याकडे?" पार्लरवाली क्षणभर अडखळली. "बरं. येऊ."

रविवारी तिने खोली मोकळी केली. टेबल भिंतीला लावलं, जमिनीवर गोधड्या पसरल्या, उशा टाकल्या. कपाटांच्या दारांना दोरी बांधली, काचेचं सगळं वर ठेवलं. बटाट्याचं सूप केलं, पाव आणले, फळं कापून ठेवली. आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या पिचकाऱ्या, मुलांना तोंडातून औषध पाजायच्या, सुई नसलेल्या, धुऊन, पाणी भरून एका स्टीलच्या ट्रेमध्ये मांडल्या. शेजारी कापसाचे बोळे. ट्रेवर स्वच्छ फडकं.

आत्याने फडकं उचलून पाहिलं. "हे काय गं शिजतंय?"

"खेळ आहे."

"कुणाचा?"

सिस्टरने फडकं नीट केलं.

चष्मेवाली आधी आली. तिचा गोट्या दारातूनच माघारी फिरला आणि आईच्या ओढणीत शिरला. "अरे, मावशी आहे! घाबरतोस काय!" चष्मेवाली म्हणाली आणि सिस्टरकडे न बघता चपला काढायला वाकली. मग पार्लरवाली आली, अत्तराच्या घमघमाटात, हातात मोठा फुलांचा गुच्छ. खारुताई तिच्या कडेवर. तिने सिस्टरला पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

"लाजते गं," पार्लरवाली म्हणाली.

"हो का," सिस्टर म्हणाली. "पूर्वी नाही लाजायची."

संध्याकाळ सुरू झाली. वरवर पाहिलं तर चांगलीच चालली होती. आत्याने गोट्याला आपली कामावरची जुनी शिट्टी दिली आणि उशांची बस केली. "पुढे सरका, पुढे सरका!" आत्या ओरडे आणि गोट्या शिट्टी मारी. थोड्या वेळाने तो सिस्टर खोलीत आहे हे विसरलासुद्धा. चष्मेवाली दुकानातले किस्से सांगत होती. एक आजोबा दर महिन्याला चष्मा सैल झाला म्हणून येतात, त्यांना नुसत्या गप्पा मारायच्या असतात. पार्लरवाली पाय पसरून बसली. "काय बरं वाटतंय गं! असं निवांत बसायलाच मिळत नाही."

"पार्लर जोरात दिसतंय," सिस्टर म्हणाली.

"तर! बायका रडतात, ओरडतात, आणि पुढच्या महिन्यात परत येतात."

"गंमत आहे," सिस्टर म्हणाली. "तू बायकांच्या मिशा ओरबाडतेस, तरी तुझी भीती कुणी कुणाला घालत नाही."

चष्मेवालीने तिच्याकडे चटकन पाहिलं. पार्लरवाली मात्र खो खो हसली. तिला बोच लागलीच नाही. सिस्टरला तिचा आणखी राग आला. ज्याला बोचत नाही त्याच्यावर राग दुप्पट होतो.

खारुताई तेवढी बस-बस खेळत नव्हती. ती आईच्या पाठीशी बसली होती आणि सिस्टर कुठे आहे ते बघत होती. सिस्टर उठली की तिची नजर उठे. सिस्टर बसली की तिची नजर बसे. आत्याने तिच्या हातात पावाचा तुकडा दिला. सिस्टरने सहज तिकडे पाहिलं. पोरीने तो घाईघाईने तोंडात कोंबला, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती सिस्टरकडे बघतच चावत राहिली.

"बघ, बघ!" पार्लरवाली कौतुकाने म्हणाली. "तुझ्या घरी कशी शहाण्यासारखी खाते!"

 आत्याने शिट्टी गोट्याकडून काढून घेतली.

सूप वाढलं. सगळ्यांनी गोधडीवरच वाटी घेतली. खारुताईने दोन चमचे खाल्ले आणि तिसऱ्याला तोंड मिटलं. पोट भरलं असेल. नसेलही. पार्लरवाली चष्मेवालीशी बोलत होती, बोलता बोलता तिने चमचा पुढे केला. पोरीने मान फिरवली. पार्लरवालीने पुन्हा चमचा पुढे केला आणि तिकडे न बघताच, रोजच्या रोज म्हणतो तसं, म्हणून टाकलं, "खा बघू, नाहीतर सुई—"

आणि थांबली.



"नाहीतर काय गं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. तोंडात बसलंय नुसतं."

"पूर्ण कर ना. ती वाट बघतीये."

"अगं, सोड ना..."

"नाही सोडत. रोज म्हणतेस, आज माझ्यासमोर म्हण. मलाही ऐकू दे कसं म्हणतेस ते."

पार्लरवालीने चष्मेवालीकडे पाहिलं. चष्मेवाली वाटीत बघत होती. आत्याकडे पाहिलं. आत्या आयुष्यभर लोकांची भांडणं बघत आली होती, ती मजेत बघत होती.

"नाहीतर सुईमावशी येईल," पार्लरवाली अगदी हळू म्हणाली.

"आली," सिस्टर म्हणाली. "ही काय, समोरच बसलीये."

ती उठली, आतून ट्रे घेऊन आली, आणि गोधडीच्या मध्यावर ठेवून फडकं काढलं. गोट्याने भोकाड पसरलं. खारुताई रडली नाही. तिने आ वासला. तिला वाटलं, चमचा खायचा राहिला म्हणून हे.

ते उघडं तोंड पाहून सिस्टरने ट्रे पोरीपासून जरा मागे ओढला. पण आता ती थांबणार नव्हती. ती लांबच गुडघ्यावर बसली आणि पोरीला म्हणाली, "तोंड मीट राजा. तुला नाही टोचायचं. न जेवणाऱ्यांना मी टोचत नाही, कधीच नाही टोचलं. आज तुझ्या आईची पाळी आहे. आणि टोचणार तू."

"काय वेडेपणा आहे हा!" पार्लरवाली म्हणाली.

"सुई नाहीये यात. पाणी आहे."

"दिसतंय मला."

"मग हात पुढे कर."

पार्लरवालीला दिसत होतं, कळत होतं, आणि तरी तिचा हात पुढे येईना. पिचकारी पाहूनच तिच्या ओठांवर घाम आला होता. प्रत्येक लसीला लेकीला नवऱ्याकडे देऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, हे सिस्टरला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर हा खेळ.

"बाही वर," सिस्टर दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. "लवकर. बाहेर रांग आहे."

चष्मेवालीला हसू फुटलं. तिने स्वतःची बाही वर करून गोट्याच्या हातात पिचकारी दिली. "टोच रे बाबा मला. झाल्या प्रकारात मीही आहेच." गोट्याने रडणं अर्धवट सोडून आईवर सगळं पाणी उडवलं.

मग पार्लरवालीने हात पुढे केला. डोळे गच्च मिटले. खारुताईने आईकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं.  मग ती पुढे आली, पिचकारी दोन्ही हातांनी धरली, आईच्या दंडावर टेकवली आणि दाबली. गार पाणी ओघळलं.

पार्लरवाली किंचाळली. खरीखुरी किंचाळली.

खारुताई दचकली. आणि मग हसली. सिस्टरने ते हसू कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. पोरीने पिचकारी पुन्हा भरायला पुढे केली. पुन्हा टोचलं. पुन्हा. आईचं काजळ गालावर उतरलं होतं, आणि सिस्टर पाणी भरून देत होती. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

शेवटी खारुताईने आईची सुपाची वाटी तिच्याकडे ढकलली. गार झालेली, वर साय धरलेली.

"आई, खा," ती म्हणाली. "खा. नाहीतर सुईमावशी येईल."

आत्याने पदर तोंडाला लावला. पार्लरवालीने मैत्रिणीकडे पाहिलं. सिस्टरने चमचा उचलून तिच्या हातात दिला. पार्लरवालीने ते गार सूप शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लं. लेक समोर बसून प्रत्येक घास मोजून घेत होती.

जाताना दाराशी पार्लरवाली म्हणाली, "बदला घेतलास."

"घेतला."

"एवढ्याशा गोष्टीचा?"

"तुला अजून एवढीशीच वाटते," सिस्टर म्हणाली. मग ती खाली वाकली आणि खारुताईकडे दोन्ही हात पसरले. पोरगी तिच्याकडे बघत राहिली. घाबरली नव्हती. पण आलीही नाही. आईच्या खांद्यावरून जिन्याच्या वळणापर्यंत बघत गेली, इतकंच.

सिस्टरने दार लावलं. चटका बसला होता. मुलगी मिळाली नव्हती.

तीनचार दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. सिस्टर नुकतीच कामावरून येऊन पाय वर करून बसली होती.

"काय करून ठेवलंस गं तू!" पार्लरवालीचा आवाज रडवेला होता. "ती काहीच खात नाही. घास पुढे केला की तोंड मिटून हसते. म्हणते, आधी सुईमावशीला बोलव. सकाळी बोलव, दुपारी बोलव. ताट समोर घेऊन दाराकडे बघत बसते. मी आता हिला काय सांगू?"

"मला काय विचारतेस? आई तू आहेस."

"येतेस का जरा? ये ना. प्लीज."

रोज ज्याची धमकी दिली त्याचंच हे आवताण होतं. सिस्टरने ते शब्द खडीसाखरेसारखे तोंडात घोळवले. "बघते," ती म्हणाली. "आज दमलेय. सांगते उद्यापरवा."

आत्या पलीकडे शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "चांगलं आहे. आईची खोड मोडायला पोरीला उपाशी ठेव."

सिस्टरने पाय खाली घेतले.  फोनमधून चमचा ताटावर आपटल्याचा आवाज येत होता. टण, टण, टण.

"येते," सिस्टर म्हणाली. "पण मी तिथे पोचेपर्यंत तिला सांग, मी कोण आहे ते. खरं खरं सांग. फोन बंद करू नकोस. मला ऐकायचंय."

"आता? फोनवर?"

"आता."

तिने फोन कानाशी धरून चपला घातल्या.  मग पार्लरवालीचा आवाज, फोनपासून जरा लांब गेलेला.

"हे बघ पिल्लू. सुईमावशी नाही ती. माझी मैत्रीण आहे. तू झालीस ना, तेव्हा बाबा नव्हते. मी खूप घाबरले होते. मी तिला चावले पण." बारीक हसण्याचा आवाज आला. "तुला पहिल्यांदा तिने घेतलं. माझ्याही आधी. तुला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायची. ती कुणाला उगाच टोचत नाही. मी तुला खोटं सांगत होते. रोज खोटं सांगत होते."

सिस्टर जिन्यात पोचली होती. एका हाताने कठडा धरून ती उभी राहिली. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

"आवाज तुटला गं मध्येच," ती फोनमध्ये म्हणाली. "काहीच कळलं नाही. परत सांग तिला. पहिल्यापासून."